भिंतीबाहेरचे कैदी

कैदी म्हणजे उंच भिंतीआड राहणारा, चारचौघांच्या दृष्टीस न पडणारा मनुष्य, ही समजूत आज इतकी रुळली आहे की ती फार पुरातन असावी असे वाटते; वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या मुलुखात पायांत बेड्या घातलेले कैदी रस्त्यांवर खडी फोडताना आणि भराव घालताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना नित्य दिसत असत. १८३६ साली नेमलेल्या आणि मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि मध्यवर्ती कारागृहे, म्हणजे लांब मुदतीच्या कैद्यांना एकत्र ठेवणारे मोठे बंदिस्त तुरुंग, बांधण्याची शिफारस केली. समितीची मुख्य तक्रार अशी होती की, उघड्यावर काम करणाऱ्या कैद्याचा बाहेरच्या लोकांशी संबंध राहतो आणि शिक्षेचा धाक उरत नाही. लोक कैद्यांना भितात, हे काही त्या भिंतीमागचे मूळ कारण नव्हते.

ही शिफारस अमलात यायला काही दशके लागली आणि त्या अवधीतले महाबळेश्वरचे उदाहरण विशेष बोलके आहे. १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपतींकडून इंग्रजांनी मिळवलेल्या या डोंगरमाथ्यावर माल्कम पेठ वसली, आणि पुढे तिथे मलाक्का सामुद्रधुनीलगतच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग उभा राहिला. सुमारे १८६४पर्यंत चाललेल्या या तुरुंगातील कैद्यांनी तिथले रस्ते व पायवाटा बांधल्या, बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. हवा खायला आलेल्या साहेबांच्या ताटात जी भाजी पडत असे, ती शिक्षा भोगणाऱ्या परक्या माणसांनी काढलेली असे. चायनामन धबधब्याच्या नावात त्यांच्या मळ्यांची खूण अजून उरली आहे. याच काळात मुंबई इलाख्यातील जन्मठेपेचे कैदी काळ्या पाण्यावर, म्हणजे समुद्रापार हद्दपारीवर, पिनांग-सिंगापूरला धाडले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या देवघेवीचा विचित्रपणा अधिकच जाणवतो.

पुढे येरवड्यासारखी (१८७१) कारागृहे उभी राहिली, कैदी नजरेआड झाला, आणि न दिसणाऱ्या माणसाविषयीची भीती वाढत गेली, असे मानण्यास जागा आहे. ती भीती पारखण्याचा धाडसी प्रयोग १९३९ साली औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत स्थापन झाली. तिथे तट नव्हता, गजांची कोठडी नव्हती. कैदी बायकामुलांसह राहत, शेती करत आणि आसपासच्या गावांशी त्यांचा व्यवहार होई. संस्थान विलीन झाल्यावरही ही वसाहत राज्याच्या तुरुंग खात्याकडे चालू राहिली. येथे खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले कैदी असत, ही गोष्ट ऐकणाऱ्याला धक्कादायक वाटते. परंतु बांधाच्या किंवा भाऊबंदकीच्या वादात एकदाच हात उचललेला शेतकरी आणि चोरीदरोड्यावरच पोट असलेला सराईत गुन्हेगार यांत फरक असतो, आणि खुल्या वसाहतीसाठी निवड करताना कैद्याच्या वर्तणुकीबरोबर हा फरकही पाहावा लागतो. सर्वसाधारण भीतीला मात्र हा फरक कळत नाही.

आटपाडी तालुक्यातील शेटफळे गावी जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी याच परिसराच्या आधारे ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांच्या या १९५७च्या चित्रपटामुळे स्वतंत्रपूरची कल्पना देशभर गेली. त्यातील बाजाराचा प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे: स्वस्त भाजी विकणाऱ्या सहा खुनी कैद्यांचा उपद्रव गिऱ्हाइकांना होत नाही, उलट भाव पाडल्याचा राग येऊन व्यापारीच त्यांच्यावर गुंड घालतो.

आज नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहातील कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक आवडीने घरी नेतात, आणि कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांच्या हाती पडले आहेत. कैद्याच्या हातच्या वस्तूविषयी पूर्वी असलेला संकोच इतका ओसरला असताना, संचित रजेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीने मिळवलेल्या सुटीवर, गावी आलेल्या त्याच माणसाला शेजारी अजून टाळतात, आणि शिक्षा भोगून कायमचा परतल्यावर त्याला भाड्याची खोली किंवा रोजगार मिळताना अडचण येते.