शिक्षकाच्या पाठीशी कोण उभं होतं?



'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या प्रत्येक घरात पोचला आहे. शाळेत नाव घातलेलं नाही असं मूल आज आपल्या वस्तीत सहसा सापडणार नाही. पण नाव घालणं वेगळं आणि शिकणं वेगळं. एकाच वर्गात, एकाच बाईंच्या हाताखाली दोन मुलं बसतात. एक पाचवीत घडाघडा वाचतं, दुसरं अजून अक्षरं जुळवत असतं. पुढं हे दुसरं मूल आठवी-नववीत शाळा सोडतं आणि कुठल्यातरी दुकानात कामाला लागतं. मग आपण म्हणतो, पोराला डोकंच नाही. नाहीतर म्हणतो, मास्तर शिकवीत नाही. दोष या दोघांत वाटून आपण मोकळे होतो.

यात तिसरा माणूस राहून जातो. तो म्हणजे शाळा चालवणारा. मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा तपासणारा अधिकारी हे सगळे त्यात आले. मागे पडलेल्या मुलाला पुढे आणण्याचं काम वर्गातला शिक्षक करतो हे खरंच. पण त्या शिक्षकाच्या पाठीशी कोणी उभं राहिलं तरच ते काम तडीस जातं. ही गोष्ट आम्ही आमच्या मनची सांगत नाही. आपल्याच महापुरुषांच्या कार्याचा इतिहास तसं सांगतो. तोच थोडक्यात इथे मांडत आहोत.

जोतीरावांची साक्ष

१८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याआधीची एक पायरी आपण विसरतो. शाळा काढायची तर शिकवणार कोण? जोतीरावांनी सावित्रीबाईंना आधी घरी शिकवलं, नंतर त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, आणि मग त्या वर्गावर उभ्या राहिल्या. रस्त्यात लोक शेण-माती फेकत होते, तरी त्या शाळेत जात राहिल्या, कारण शाळा चालवणारा त्यांच्या सोबत होता. महार-मांगांच्या मुलांसाठीही या दांपत्याने शाळा काढल्या. त्याच शाळेत शिकलेली मुक्ता ही मांग समाजातली चौदाएक वर्षांची मुलगी. महार-मांगांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. ज्या जातीला अक्षर पाहण्याची बंदी होती, तिथली मुलगी काही वर्षांत निबंध लिहू लागली. डोकं नाही म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर कोणतं?

पुढे १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सर्वांना माहीत आहे. पण त्या निवेदनात शिक्षकांविषयी बरंच काही आहे आणि ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. खेड्यातल्या शिक्षकाचा पगार फार तुटपुंजा आहे, तो महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये असावा, असं ते सांगतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना कळतील, असं सांगतात. जो शिक्षक जास्त मुलं पास करून दाखवील त्याला पगाराशिवाय खास भत्ता द्यावा, असंही सुचवतात.

शाळा तपासणीवर तर त्यांचा रोखठोक आक्षेप होता. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा काही उपयोग होत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून न कळवताही शाळेला भेट द्यावी. म्हणजे शिक्षकाला पोटभर पगार द्या, त्याच्या चांगल्या कामाची कदर करा आणि त्याच्या कामावर नजरही ठेवा. या तिन्ही गोष्टी जोतीराव एकत्रच मागत होते. आज मोठमोठ्या परिषदांत जे बोललं जातं ते या माणसाने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

पाठिंबा म्हणजे पांघरूण नव्हे

शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे त्याच्या चुकांवर पांघरूण घालायचं, असा अर्थ कोणी काढू नये. शिक्षकच मुलाला जातीवरून बाजूला बसवीत असेल तर काय करायचं? त्याचं उत्तर राजर्षी शाहू महाराजांनी दिलं. कोल्हापूर संस्थानात त्यांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी नोकरवर्गाला बजावलं की अस्पृश्यांना समानतेने वागवा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी राजीनामा द्यावा. वरच्या माणसाची इच्छा स्पष्ट असली की खालच्याला पळवाट राहत नाही. भेदभाव न करणाऱ्या शिक्षकाला अशा हुकमाचा केवढा आधार वाटला असेल, याचाही विचार करावा. कारण गावाचा रोष पत्करून आपल्या मुलांना जवळ बसवणारे शिक्षकही त्या काळात होते.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी आणखी एक गोष्ट ओळखली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत. पण खेडोपाडी शाळा काढायच्या तर खेड्याची जाण असलेले शिक्षक हवेत. म्हणून १९३५ साली त्यांनी शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेजच सुरू केलं. माध्यमिक शाळा नंतर, १९४० मध्ये आली. आधी शिक्षक घडवला, मग हायस्कूल उभं केलं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शंभरातली बेऐंशी मुलं

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणजे शाळा चालवणारा माणूस बाबासाहेबांनी घरातच पाहिला होता. पुढे ते स्वतः सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. त्यामुळे शिक्षणावर ते बोलत ते अनुभवाने बोलत.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारी अहवालातला एक आकडा पुढे ठेवला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली बेऐंशी पुन्हा निरक्षर होतात. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत पाऊल टाकलेलं प्रत्येक मूल पक्कं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर केलेला खर्च वाया गेला. इथं बाबासाहेबांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, शिक्षकालाही एकट्याला धरलं नाही. शिक्षणाचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांनाच त्यांनी जाब विचारला.

आणि नुसता जाब विचारून ते थांबले नाहीत. मूल शाळेत का टिकत नाही? राहायला जागा नाही, अभ्यासाला दिवा नाही, पोटाला अन्न नाही. ही घरची अडचण वर्गातला शिक्षक एकटा कशी सोडवणार? म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ साली सोलापूरला वसतिगृह निघालं. १९२८ साली खास शिक्षणाच्या कामासाठी वेगळी संस्था काढण्यात आली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. तिथले वर्ग सकाळी भरत. कारण उघड आहे. आपली मुलं दिवसा कचेरीत, गिरणीत नोकरी करणार आणि शिकणार. विद्यार्थ्याला कॉलेजची वेळ जमत नसेल तर कॉलेजची वेळच बदलायची, हा निर्णय शिक्षक घेऊ शकत नाही, तो संस्थाचालकानेच घ्यावा लागतो.

१९५० साली औरंगाबादला सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. त्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुलाच्या घरी मराठी, शाळेत उर्दू आणि कॉलेजात इंग्रजी पुस्तकं! अशा मुलांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांची काय कसोटी लागली असेल? पण नागसेनवनात त्यांच्या जोडीला वसतिगृह होतं, ग्रंथालय होतं आणि विद्यार्थ्यांत मिसळणारे प्राचार्य होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि विद्यार्थ्यांना रंगभूमीवर उभं केलं. पुढे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या शिक्षकांच्या पुढाकाराने तिथूनच 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघालं. काल ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची मुलं लेखक, कवी, प्राध्यापक झाली. प्राचार्य आणि प्राध्यापक एका दिशेने चालले की काय होतं, ते नागसेनवनाने दाखवून दिलं.

आजचा प्रश्न

आता आपल्या काळाकडे येऊ. २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यात शिक्षकाचं कर्तव्य लिहून ठेवलं आहे: प्रत्येक मुलाला किती येतं ते पाहायचं आणि जे मूल मागे असेल त्याला जादा शिकवायचं. पण त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून इतर बिनशिक्षणाची कामं शिक्षकाला लावू नयेत, असंही हाच कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कागद भरण्यातच शिक्षकाचा दिवस जातो, ही तक्रार आपण ऐकतोच. इथं मुख्याध्यापकाचा कस लागतो. वर्गाची वेळ जो राखून ठेवतो तो खरा मुख्याध्यापक.

असं होऊ शकतं याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. कुमठे बीटातल्या चाळीसएक जिल्हा परिषद शाळांची जबाबदारी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याकडे होती. त्यांनी नुसते शेरे मारण्याचं काम केलं नाही. शिक्षकांना एकत्र बसवलं, मूल कसं शिकतं यावर त्यांच्याशी चर्चा केली, मुलांना गटात बसवून स्वतः करून शिकू देण्याची पद्धत शिक्षकांबरोबर उभी केली. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला गेले. २०१५ साली सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला तेव्हा या कामाचं नाव सगळीकडे झालं. शिक्षक तेच, मुलं तीच, गावंही तीच होती. तपासायला येणारा माणूस मदतीला येऊ लागला, एवढा बदल पुरला. जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मागितलं ते याहून निराळं नव्हतं.

आता आपण काय करायचं? कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभाग पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांना त्यात प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्यातल्या किती आई-वडिलांना हे माहीत आहे? माहीत असलेले किती जण बैठकीला जातात? गेलं पाहिजे, आणि भांडायला नव्हे तर विचारायला गेलं पाहिजे. वाचता न येणारी मुलं प्रत्येक वर्गात किती? त्यांच्यासाठी जादा तास आहे का? तो घ्यायला शिक्षकाला वेळ दिला आहे का? मुख्याध्यापक वर्गात जाऊन बसतात का? जो शिक्षक आपल्या मुलांसाठी राबतो त्याला शाबासकी मिळते का? आपल्या पोराला मागच्या बाकावर ढकललं जात असेल तर तेही तिथंच, सर्वांसमक्ष, स्पष्ट बोललं पाहिजे. मूल मोठ्या फीच्या शाळेत असलं तरी हे प्रश्न बदलत नाहीत.

शिक्षकाला साथ देणं हे आपलंही काम आहे. विहार सकाळ-संध्याकाळच्या वंदनेनंतर बंद राहतो, तेव्हा तिथं दिवा, सतरंजी आणि शांतता असते. आपल्या वस्तीतल्या किती घरांत मुलाला या तीन गोष्टी मिळतात? वस्तीतली शिकलेली मुलं-मुली रोज एक तास इथं बसली आणि शाळेतल्या शिक्षकाला विचारून मागे पडलेल्या मुलांचं वाचन-गणित करून घेतलं, तर सोलापूरच्या वसतिगृहामागचा विचार आपल्या गल्लीत जिवंत होईल.

बाबासाहेबांनी शंभरातल्या बेऐंशी मुलांचा हिशेब सरकारला मागितला होता. आपल्या वस्तीतल्या मुलांचा हिशेब आपण शाळेला मागू या, आणि आपल्या वाट्याचा हिशेब आपणही देऊ या. विहाराच्या पुढच्या वर्धापनदिनी व्यासपीठावर एखादं असं मूल उभं राहो, जे गेल्या वर्षी अक्षरं जुळवीत होतं आणि आता सर्वांसमोर घडाघडा वाचतं आहे. त्याच्या शेजारी त्याच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही आपण मानाने बोलावू.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!