उडीआधीचे कागद

स्मरणिकेच्या समितीने मला ‘शाळा आणि एन.सी.सी.’ असा विषय दिला आहे. परेड, २६ जानेवारीचं संचलन, बुटांना पॉलिश नसलं की मिळणारी शिक्षा, यावर बाकीचे मित्र लिहितीलच. मी लिहिणार आहे पॅराशूटच्या उडीबद्दल, आणि त्यातही उडीपेक्षा तिच्या परवानगीबद्दल. १,२५० फुटांवरून छत्रीने खाली यायला मिनिट-सव्वा मिनिट लागतो. त्या मिनिटासाठी माझे कागद साडेतीन महिने फिरत होते.

आधी थोडा मागचा इतिहास. आपल्याकडे छत्रीधारी सैन्य उभं राहिलं १९४१ साली, ५० इंडियन पॅराशूट ब्रिगेडच्या रूपाने. पहिल्या उड्या त्याच वर्षी ऑक्टोबरात झाल्या. उडी मारणारे पहिले भारतीय म्हणजे १५२ बटालियनचे डॉक्टर लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. प्रशिक्षण नंतर चकलाल्याला गेलं. फाळणीत चकलाला पाकिस्तानात राहिलं आणि ही शाळा आग्र्याला आली, ती आजही तिथेच आहे. उडी मारणारा जवान लष्कराचा, पण शाळा, शिक्षक आणि विमान हवाई दलाचं. म्हणजे खऱ्या पॅराट्रूपरलाही उडीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावंच लागतं.

याच रंगराजांनी पुढे २३ मार्च १९५१ रोजी कोरियात मुनसानला उडी मारली, तीही अमेरिकेच्या १८७ व्या रेजिमेंटल कॉम्बॅट टीमबरोबर. भारताने त्या युद्धात लढणारी पलटण पाठवली नव्हती. रंगराजांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवलं होतं. त्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. परक्या तुकडीबरोबर उडी म्हटली की मला तीच आठवते.

आमची गोष्ट त्यामानाने लहान. जळगाव आणि धुळे, एवढंच अंतर.

१९८६ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आग्र्याच्या पॅरा कोर्ससाठी त्या वर्षी जळगावच्या वाट्याला जागा आलीच नव्हती. धुळ्याला एक होती, पण तिकडचा मुलगा मेडिकलमध्ये बाद झाला. ही बातमी आपल्या शाळेच्या एन.सी.सी.च्या सरांनी एका कॅम्पमध्ये ऐकली. मी शाळा सोडून दोन वर्षं झाली होती, तरी दुसऱ्या दिवशी सर सायकलवर आमच्या खोलीवर हजर. ‘‘जाशील का?’’ एवढंच विचारलं. पुढचं पत्र त्यांनी स्वतः शाळेच्या टाइपरायटरवर टाइप केलं.

मला वाटलं, जागा रिकामी आहे, मुलगा तयार आहे, मग अडचण काय? अडचण अशी की मी जळगावच्या पटावर आणि जागा धुळ्याची. धुळ्याने मला मागायला हवं, जळगावने ना-हरकत द्यायला हवी, आणि दोन्ही कागद वर जाऊन बदललेल्या नावाला मंजुरी यायला हवी. टपालाच्या भरवशावर राहण्यापेक्षा मीच एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला फेऱ्या मारल्या. तिथल्या एका सुभेदार साहेबांनी माझी फाइल उघडून शांतपणे विचारलं, ‘‘बेटा, उद्या पाय मोडला तर कुणाचा मोडला म्हणून लिहायचं? धुळ्याचा की जळगावचा?’’

मी हसलो. ते हसले नाहीत. आज वाटतं, सगळ्या परवानगीचं मर्म त्या एका प्रश्नात होतं. एन.सी.सी.चा कायदा १९४८ चा. त्यानुसार कॅडेटवर सैनिकी सेवेची सक्ती नाही. म्हणजे हवाई दलाच्या विमानात बसलेला कॅडेट कायद्याने साधा नागरिक, कुणाचा तरी मुलगा. जवानाचा पाय मोडला तर त्याची पलटण आहे, लष्करी इस्पितळ आहे, पेन्शन आहे. कॅडेटला यातलं आपोआप काही नाही. म्हणून प्रत्येक टेबलावरच्या माणसाला सही करण्याआधी हा कुणाचा, हे पक्कं करायचं असतं. त्या वेळी मला ही लालफीत वाटायची. आता नाही वाटत.

मधल्या एका कार्यालयात फाइल महिनाभर अडली, तो भाग सोडून देतो. खरी सही घरची होती. स्टँप पेपरवर वडिलांनी लिहून द्यायचं, की काही बरंवाईट झालं तर सरकारला जबाबदार धरणार नाही.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. कपाशी वेचायचे दिवस. आईने ऐकलं आणि विचारलं, ‘‘अन् छत्री नही उघडनी ते?’’ आप्पांनी कागद दोनदा वाचला. ‘‘सही मन्ही, अन् उडी तुन्ही?’’ म्हणाले आणि कागद दिवळीत ठेवून शेतात निघून गेले. आठ दिवस तो तिथेच पडून होता.

शेवटी सर गावी आले. उडीचं नावही काढलं नाही. कपाशीचा भाव विचारला, चहा घेतला, मग टांगाइलची गोष्ट काढली. ११ डिसेंबर १९७१ ला आपली २ पॅरा पलटण टांगाइलजवळ उतरली, ती मूळची तिसरी मराठा, हे त्यांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतंच. आप्पांना पहिल्यांदाच सांगितलं. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सर, याच्या कागदावर तुमची पण सही आहे का?’’

‘‘आहे ना आप्पा. सगळ्यात पहिली माझीच आहे.’’

आप्पांनी दिवळीतून कागद काढला.

आग्र्याचं फार लिहीत नाही. जळगावहून पंजाब मेल, मग जमिनीवरचा सराव: पाय आणि गुडघे जोडून पडायचं, लोळायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. एएन-३२ विमानाचं दार, लाल दिवा, हिरवा दिवा. छत्री उघडल्यावर जी शांतता असते ती मला अजून कुणाला नीट सांगता आलेली नाही. मालपुऱ्याच्या मैदानावर उतरलो आणि पहिल्यांदा दोन्ही पाय चाचपले. ते धुळ्याचेही शाबूत होते आणि जळगावचेही.

पुढे या विषयाची बातमी दिसली की मी परवानगीचाच भाग आधी वाचतो. महेंद्रसिंग धोनी २०११ पासून टेरिटोरियल आर्मीच्या १०६ पॅरा बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल. तरी २०१५ मध्ये आग्र्याला उड्या मारण्याआधी त्यालाही लष्कराची मंजुरी घ्यावी लागली, आणि बिल्ल्यासाठी पाच उड्या पुऱ्या कराव्या लागल्या. आपल्या बाजूला टेरिटोरियल आर्मीची अशीच एक पॅरा बटालियन आहे, ११६ वी, देवळालीला. आपापली नोकरी-धंदा सांभाळून सैनिकी करणाऱ्यांची ती फौज. आपल्या मुला-नातवंडांपैकी कुणाच्या डोक्यात हे वेड असेल तर देवळाली काही लांब नाही, रेल्वेने थेट जाता येतं. मात्र कागदांसाठी वेळ हाताशी ठेवा.

आग्र्याच्या यादीत माझ्या नावापुढे ‘धुळे’ असंच लिहिलेलं आहे. त्यामुळे धुळ्याचे मित्र मला अजून आपला म्हणतात आणि जळगावचे चिडवतात. सरांनी टाइप केलेल्या त्या पहिल्या पत्राची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. शाई निळसर झाली आहे, पण सही स्पष्ट वाचता येते. संमेलनाला घेऊन येतो आहे.