युरिक आम्ल आणि प्रीएक्लॅम्प्सिया : एका आकड्याचा इतिहास व नागपूरचा अनुभव

प्रस्तावना

नागपूर-वर्धा मार्गावर, नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरी वसलेले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे रूप पालटले असले, तरी बाळंतपणातील गुंतागुंतीच्या प्रसंगी आजही दोन वाटांचा विचार करावा लागतो. एक वाट उत्तरेकडे, नागपूरच्या 'मेडिकल', 'मेयो' किंवा 'डागा' रुग्णालयाकडे; दुसरी नैर्ऋत्येस, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे. गर्भवतीचा रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज आणि लघवीत प्रथिन आढळले, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची शंका येते. अशा स्त्रीच्या तपासणीच्या कागदावर बहुधा एक आकडा हटकून असतो. तो म्हणजे रक्तातील युरिक आम्लाचा. हा आकडा प्रसूतिशास्त्रात कोठून आला आणि प्रसूतीच्या परिणामाविषयी तो खरोखर किती सांगतो, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

आकड्याचा प्रवास

कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये मूतखड्यातून युरिक आम्ल वेगळे केले. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात ते अधिक असल्याचे दाखविले. तोवर या द्रव्याचा गर्भवतीशी काही संबंध असेल, अशी कल्पना नव्हती. प्रसूतिशास्त्राचे लक्ष लघवीकडे होते. आकडी आलेल्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन असते, हे गाइज हॉस्पिटलचे जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्येच नोंदविले होते. पुढे १८९६ मध्ये रीवा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाचा रक्तदाबाचा पट्टा तयार केला आणि या रोगाचे दुसरे लक्षण मोजता येऊ लागले.

रक्तातील युरिक आम्ल थोड्या नमुन्यात मोजता येणे ही त्यानंतरची पायरी होय. १९१२च्या सुमारास फोलिन व डेनिस यांनी रंगछटेवर आधारित पद्धत दिली आणि लगेच, १९१७ मध्ये, अमेरिकेतील स्लेमन्स व बोगर्ट यांनी माता व अर्भक यांच्या रक्तातील युरिक आम्लाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'गर्भावस्थेतील विषबाधा' या नावाने त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या विकारात हे प्रमाण वाढते, ही नोंद त्यांच्यापासून सुरू झाली. कारणाचा उलगडा व्हायला मात्र आणखी काळ गेला. १९४५ मध्ये चेस्ले व विल्यम्स यांनी दाखविले की दोष मुख्यतः मूत्रपिंडाच्या निचऱ्यात आहे. मूत्रपिंड युरिक आम्ल बाहेर टाकण्याऐवजी परत शोषून घेते.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात ती वारंवार विसरली जाते. निरोगी गर्भावस्थेत युरिक आम्ल प्रथम घटते आणि दिवस भरत येताना पुन्हा वाढते. मध्यावधीत ते साधारणपणे ३ ते ४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. त्यामुळे साडेपाच हा आकडा चोविसाव्या आठवड्यात जे सांगतो, ते एकोणचाळिसाव्या आठवड्यात सांगत नाही. महिना न पाहता वाचलेला आकडा दिशाभूल करतो.

१९७६ मध्ये ऑक्सफर्डच्या रेडमन आणि सहकाऱ्यांनी, रक्तदाब वाढलेल्या गर्भवतींत युरेटवरून गर्भमृत्यूचा धोका ओळखता येतो, असे मांडले आणि चाचणीची प्रतिष्ठा वाढली. २००५ मध्ये रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी तर रक्तदाबासोबत युरिक आम्ल वाढलेले असल्यास, लघवीत प्रथिन नसतानाही, अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वाढीचे मूल यांचा धोका प्रथिन असलेल्या स्त्रियांइतकाच असतो, असे दाखविले. पण दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, थंगरत्नम आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र पडताळून, माता व मूल यांच्यावरील संकटे आधी सांगण्यास ही चाचणी दुबळी आहे, असा निर्वाळा दिला. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष नव्याने ठरविले, त्यात प्लेटलेट, यकृत व क्रिएटिनिन यांना स्थान मिळाले. युरिक आम्लास नाही.

या दोन्ही मतांत विसंगती दिसते ती वरवरची. गटागटाने पाहिले तर आकडा जास्त असलेल्या स्त्रियांत अपाय अधिक होतो, हे खरे. समोर खाटेवर असलेल्या एका स्त्रीचे काय होईल, हे मात्र त्यावरून कळत नाही. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत हा संबंध पुनःपुन्हा सिद्ध करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यापेक्षा मोठा प्रश्न हा की, आकडा कळल्यावर उपचारात काय बदलावे?

नागपूरमधील उत्तर

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यात नागपूरचा वाटा जागतिक आहे. प्रीएक्लॅम्प्सिया वार पडल्यावरच ओसरू लागतो, म्हणून खरा निर्णय प्रसूती केव्हा आणि कशी करावी हा असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७) व डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय येथे डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात ६०२ स्त्रियांवर एक चाचणी झाली. रक्तदाबामुळे ज्यांची प्रसूती घडवून आणणे आवश्यक होते, त्यांपैकी ३०२ जणींना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने देण्यात आले. ३०० जणींत फोली नळीचा वापर झाला. चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती पहिल्या गटात ५७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के झाल्या. डॉ. शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

त्याच दोन रुग्णालयांत २०१५ ते २०१७ दरम्यान तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भवतींवर दुसरी चाचणी झाली. निफेडिपिन, लॅबेटालॉल व मिथाइलडोपा या तोंडाने घ्यावयाच्या तीन औषधांची तुलना करण्यात आली. सहा तासांत, अपाय न होता, रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ व ७६ टक्के होते. निफेडिपिन मिथाइलडोपापेक्षा सरस ठरले, तरी तिन्ही औषधे उपयोगाची आहेत, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून औषध देण्याची व त्यासाठी सतत लक्ष ठेवण्याची सोय जेथे नाही, तेथे या निष्कर्षाचे मोल अधिक.

आकडी टाळण्याचा प्रश्न आधीच सुटला होता. ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवरील मॅगपाय चाचणीने २००२ मध्ये मॅग्नेशियम सल्फेटमुळे आकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे निर्विवाद केले. पूर्ण उपचार देता येत नसतील, तेथे पहिली मोठी मात्रा देऊनच रुग्णास पुढे पाठवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची शिफारस आहे. बुटीबोरीहून निघणाऱ्या स्त्रीसाठी रक्तदाबाचा पट्टा, मॅग्नेशियमचे इंजेक्शन आणि निफेडिपिनची गोळी यांची गरज प्रयोगशाळेच्या कागदाआधीची आहे. युरिक आम्लाचा अहवाल रुग्णवाहिका नागपूरच्या वाटेवर असतानाही येऊ शकतो.