चित्र काढता येतं, पण शिकवता येतं का? शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला छात्राध्यापक काय शिकतात?

जून संपता संपता विदर्भातल्या शाळा सुरू होतात. उन्हामुळे इथलं नवं सत्र राज्याच्या इतर भागांपेक्षा थोडं उशिरा उघडतं. त्यानंतर काही आठवड्यांतच नागपूरच्या अनेक हायस्कूलांमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. हातात पाठ टाचणाची वही, खांद्याला गुंडाळलेल्या तक्त्यांची पिशवी. मुलं त्यांना 'सर', 'मॅडम' म्हणतात, पण ते अजून शिक्षक झालेले नसतात. ते असतात छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी.

गणित किंवा मराठीच्या छात्राध्यापकाचं काम कसं चालतं, हे आपल्याला साधारण माहीत असतं. पण चित्रकलेचं काय? ज्याला उत्तम चित्र काढता येतं, त्याला ते शिकवताही येतं का? आणि या तासाला नेमकं काय पणाला लागलेलं असतं? समजून घेऊया.

कलाशिक्षक होण्यासाठी काय शिकावं लागतं?

महाराष्ट्रात शाळेत चित्रकला शिकवण्यासाठी सर्वांत परिचित पात्रता म्हणजे ए.टी.डी., अर्थात कलाशिक्षक पदविका. त्यापुढे आर्ट मास्टर म्हणजे ए.एम. आणि कलाशिक्षणातली पदविका असे टप्पे आहेत. राज्यातलं कलाशिक्षण कला संचालनालयाच्या देखरेखीखाली चालतं. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही राज्यातली सर्वांत जुनी कलासंस्था. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे.

शहराचं कलाशिक्षणाशी असलेलं नातं जुनं आहे. जगप्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी 1939 ते 1943 या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं आणि त्यानंतर ते मुंबईला जे. जे. मध्ये गेले.

कलाशिक्षकाच्या अभ्यासक्रमात दोन गोष्टी एकत्र चालतात. एकीकडे स्वतःचं रेखाटन, रंगकाम, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि दुसरीकडे अध्यापन. या दुसऱ्या भागात शैक्षणिक मानसशास्त्र, अध्यापन पद्धती आणि प्रत्यक्ष शाळेत जाऊन घ्यायचे सराव पाठ येतात.

सराव पाठ म्हणजे नेमकं काय?

छात्राध्यापक थेट साठ मुलांसमोर उभा राहत नाही. त्याआधी असतं सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. यात पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, समोर आपलेच सहाध्यायी विद्यार्थी म्हणून बसलेले. एका वेळी एकाच कौशल्याचा सराव करायचा. आज फलकलेखन, उद्या प्रश्न विचारणं, परवा उदाहरणं देणं.

मग शाळा. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहून मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावं लागतं. त्यात घटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, मुलांचं पूर्वज्ञान, हेतुकथन, सादरीकरण, मूल्यमापन असे रकाने असतात. पाठ चालू असताना मार्गदर्शक शिक्षक किंवा सहाध्यायी मागच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवतात. 'फलकलेखन चांगले, आवाज मागेपर्यंत पोहोचत नाही, वेळेचे नियोजन हवे' असे शेरे बहुतेकांच्या वहीत सापडतात.

पहिल्याच तासाला गणित कुठे बिघडतं?

वेळेत. शाळेतला तास साधारण 35 ते 40 मिनिटांचा. त्यात हजेरी, चित्रकलेची वही काढणं, पेन्सिलीला टोक करणं, पाणी आणणं आणि शेवटी आवरणं. रंगकामाचा पाठ असेल तर पाण्याच्या डब्यांसाठीच रांग लागते. प्रत्यक्ष चित्रासाठी हातात उरतात जेमतेम वीस मिनिटं. एका मुलामागे अर्धा मिनिट द्यायचा म्हटला तरी साठ मुलांना तीस मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या बाकापर्यंत पोहोचणंच शक्य नसतं.

म्हणून अनुभवी कलाशिक्षक सांगतात ते सोपे उपाय छात्राध्यापक हळूहळू उचलतात. पाणी आणि कागद आधीच रांगेनुसार वाटायचे. एका तासात एकच गोष्ट शिकवायची. रंगकाम दोन तासांत विभागायचं. शेवटची पाच मिनिटं आवरण्यासाठी राखायची, कारण पुढच्या तासाचे सर दारात उभे असतात.

फळ्यावरचं सुंदर चित्र अडचणीचं का ठरतं?

समजा, विषय वस्तुचित्राचा आहे. टेबलावर एक लोटा ठेवलाय. छात्राध्यापक आत्मविश्वासानं फळ्यावर तो काढून दाखवतो. मुलं 'वा सर!' म्हणतात. आणि मग साठही मुलं समोरचा लोटा सोडून फळ्यावरचा लोटा उतरवून काढतात.

इथेच पाठाचा हेतू हरवतो. वस्तुचित्र म्हणजे आपल्या जागेवरून जे दिसतं ते काढणं. लोट्याचं तोंड गोल असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते गोल दिसत नाही, लंबगोल दिसतं. पहिल्या बाकावरच्या मुलाला वरून पाहिल्यामुळे तो लंबगोल जास्त उघडा दिसतो. शेवटच्या बाकावरून तोच चपटा दिसतो. म्हणजे एकाच वर्गात एकाच लोट्याची वेगवेगळी चित्रं यायला हवीत. साठ चित्रं सारखी आली, तर वर्गाला लोटा दिसलाच नाही असं समजायचं.

मुलांची आणखी एक नेहमीची चूक म्हणजे तोंड पूर्ण गोल आणि बुड सरळ रेषेत. कारण मूल डोळ्यांना दिसतं ते न काढता डोक्यात माहीत असतं ते काढतं. लोटा टेबलावर बसतो, म्हणून बुड सपाट. प्रत्यक्षात नजरेच्या पातळीखाली असलेल्या लोट्याचं बुडही वक्र दिसतं.

यावर उपाय काय? फळ्यावर फक्त पद्धत दाखवायची आणि मग फळा पुसून टाकायचा. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरायची, लोट्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. मुलांना जागा बदलायला लावायच्या आणि विचारायचं, 'आता तोंड कसं दिसतंय?' प्रात्यक्षिक कितीही देखणं असलं तरी ते पुसण्याची तयारी लागते. चित्रकार म्हणून घडलेल्या हाताला हे सोपं नसतं.

'सर, मले नाही जमत' याचं उत्तर काय?

आठवी-नववीच्या वर्गात छात्राध्यापकाला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच असतं. पहिली-दुसरीतली मुलं असं म्हणत नाहीत. ती हत्ती निळा रंगवतात आणि खूश असतात. मग मधल्या काळात काय होतं?

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले होते. साधारण नऊ ते बारा या वयात मुलांना वास्तवाचं भान येऊ लागतं आणि बारा ते चौदा या वयात आपलं चित्र 'खऱ्यासारखं' दिसतंय का, याची ती स्वतःच कठोर परीक्षा घेऊ लागतात. नजर पुढे जाते, हात मागे राहतो. हे अंतर दिसलं की मूल म्हणतं, जमत नाही. या टप्प्यांच्या मांडणीवर नंतर टीकाही झाली, कारण सगळ्या संस्कृतींत मुलं एकाच वाटेनं जात नाहीत. पण हायस्कूलच्या वर्गात उभं राहिलं की त्यातला हा भाग पटतो.

अशा वेळी छात्राध्यापकाचा पहिला मोह असतो मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन चूक दुरुस्त करण्याचा. दोन रेषांत चित्र सुधारतं, मूलही हसतं. पण ते चित्र आता सरांचं झालेलं असतं, आणि 'मले नाही जमत' हे मुलाचं मत पक्कं झालेलं असतं.

त्यामुळे पाळण्यासारखा नियम एकच. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिटोऱ्यावर दाखवायचं, नाहीतर प्रश्न विचारायचा. 'लोटा जास्त उंच आहे की रुंद?' 'सावली कोणत्या बाजूला पडलीय?' उत्तर मूल स्वतः पाहून देतं आणि रेषही स्वतःच बदलतं.

काही सराव या भीतीवरच काम करतात. कागदाकडे न बघता, फक्त वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत रेष काढणं हा त्यातला एक. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलायडिस यांच्या 1941 च्या पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला. यात सगळ्यांचंच चित्र वेडंवाकडं येतं, शिक्षकाचंसुद्धा. वर्ग हसतो आणि चुकण्याची लाज थोडी कमी होते.

नागपूरच्या मुलांच्या चित्रात नारळाची झाडं कुठून येतात?

'निसर्गचित्र काढा' म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. हे चित्र राज्यभरातल्या मुलांच्या हातात बसलेलं आहे. नागपूरच्या मुलाला रोज ना तसे डोंगर दिसतात, ना नारळाच्या बागा.

स्मरणचित्र शिकवताना छात्राध्यापकाला इथे संधी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून नेतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे. हे दृश्य मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न सुरू करायचे. मारबतीची उंची माणसांच्या किती पट होती? लोक कुठे उभे होते? गच्चीवरून कोण बघत होतं? तुम्ही कुठे होता? चित्र आठवणीतून येऊ लागलं की साचा आपोआप सुटतो.

महालातल्या चितारओळीत गणपती घडताना पाहणं किंवा 1863 मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात वही घेऊन जाणं, हेही चित्रकलेचे पाठ होऊ शकतात. त्यासाठी शाळेनं अर्धा दिवस मोकळा करायला हवा. छात्राध्यापकाला तो मागण्याचा अधिकार नसतो, विनंती करता येते.

परीक्षेचा दबाव किती असतो?

बराच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. त्या साधारण सप्टेंबरच्या अखेरीस होतात, म्हणजे छात्राध्यापक शाळेत असतानाच्या दिवसांत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे विषय असतात.

इंटरमिजिएटमधल्या श्रेणीनुसार दहावीला अतिरिक्त गुण मिळतात. ए श्रेणीला 7, बी ला 5 आणि सी ला 3. पूर्वी हे गुण अनुक्रमे 15, 10 आणि 5 होते. त्यामुळे पालक विचारतात, 'ए ग्रेड येईल ना?' आणि शाळाही तेच विचारते.

या परीक्षांनी पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाताला वळण लावलं, हे खरं. मोजमाप, स्वच्छता, रंगसंगती यांची शिस्त त्यातून येते. पण गुणांसाठी तयार संकल्पचित्रं आणि तयार स्मरणचित्रं घोकून घेतली, तर मूल परीक्षा पास होतं आणि पाहणं तसंच राहतं. मार्गदर्शक शिक्षकाला निकाल हवा असतो, छात्राध्यापकाला टाचणातलं 'सर्जनशीलतेचा विकास' हे उद्दिष्ट गाठायचं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यातून वाट काढणं हाही प्रशिक्षणाचाच भाग.

शाळेत या विषयाची जागा काय?

कागदोपत्री चांगली आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नं दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावं अशी भूमिका घेतली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नसावी असं म्हटलं आहे. राज्यात नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा श्रेणी विषय आला.

नेमणुकीचं चित्र मात्र वेगळं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरपेक्षा जास्त मुलं असलेल्या शाळेत कलेसाठी शिक्षकाची तरतूद आहे, पण ती अंशकालीन निदेशकाची. आज वर्गात उभा राहणारा छात्राध्यापक पूर्णवेळ कलाशिक्षक होईल याची खात्री नसते. आणि इतर विषयांचा अभ्यासक्रम मागे पडला की सर्वांत आधी मागितला जातो तो चित्रकलेचाच तास.

मग या तासाला पणाला काय लागतं?

दहावीनंतर बहुसंख्य मुलं पुन्हा कधी ब्रश हातात घेत नाहीत. म्हणजे नववीच्या वर्गातला चित्रकलेचा तास अनेकांसाठी आयुष्यातला शेवटच्या काही तासांपैकी एक असतो. 'आपल्याला जमत नाही' हे मत घेऊन मूल तिथून बाहेर पडतं की 'आपल्याला नीट पाहता येतं' हा विश्वास घेऊन, हे समोर उभ्या शिक्षकावर बरंचसं अवलंबून असतं.

रझा लहानपणीची एक आठवण सांगत. ते मंडला जिल्ह्यात वाढले. तेव्हा तो भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. वर्गात त्यांचं लक्ष लागत नसे. शाळेतल्या शिक्षकांनी, नंदलाल झारिया यांनी, भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितलं. पुढे कित्येक दशकांनी तोच बिंदू त्यांच्या चित्रांचा केंद्र झाला.

त्या शिक्षकांनी मुलाचं चित्र सुधारून दिलं नव्हतं. त्याला फक्त पाहायला बसवलं होतं. सराव पाठांच्या शेवटी छात्राध्यापकाला एवढं साधलं, तर टाचणाच्या वहीतले बाकीचे शेरे पुढच्या काही वर्षांत दुरुस्त होतात.