इंधन फिल्टरची जागा बदलताना

मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला निघालेली जुनी पेट्रोल मोटार वाटेतच बंद पडते आणि इंजिन निवल्यावर पुन्हा निमूटपणे सुरू होते. यास 'व्हेपर लॉक' म्हणतात. पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. नळीत वाफ साठली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. यावर उपाय म्हणून बॉनेटखालील इंधन फिल्टर दुसरीकडे बसविण्याचा सल्ला दिला जातो. मात्र हा उपाय सरसकट सर्व वाहनांना लागू पडत नाही.

लाभ कोणाला?

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसॅडर यांसारख्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल मोटारींत इंजिनवरील पंप टाकीतून पेट्रोल खेचतो. तेथे फिल्टर व नळी एक्झॉस्टपासून दूर नेल्यास फरक पडतो. इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारींत पंप टाकीतच असतो आणि इंधन दाबाखाली वाहते. तेथे फिल्टर हलवून फारसे काही साधत नाही, उलट गळतीचा धोका वाढतो. कॉमन रेल डिझेल इंजिनातील उच्च दाबाच्या नळ्यांना तर हातही लावू नये. त्यांतील दाब १००० बारहून अधिक असू शकतो. गरम झालेली इग्निशन कॉइलही अशीच लक्षणे दाखविते, म्हणून आधी ती तपासून घ्यावी.

जागेची निवड

फिल्टर एक्झॉस्ट, बॅटरी व अल्टरनेटरपासून दूर असावा. प्रवासी कक्षात किंवा डिकीत तो कधीही बसवू नये. अपघातात प्रथम चेपणारा पुढचा भागही टाळावा. फिल्टर नळीवर लोंबकळत न ठेवता पट्टीने घट्ट बसवावा. त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने हवा. पाणी वेगळे करणारा डिझेल फिल्टर उभाच बसवावा व त्याचा निचरा तळाशी, हाताला येईल असा ठेवावा.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मोकळ्या हवेत काम करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. बंद गॅरेजमध्ये एक ठिणगीही पुरेशी ठरते. बॅटरीची ऋण तार काढावी आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक जवळ ठेवावे. पाण्याची पारदर्शक नळी वापरू नये. इंधनासाठीचीच नळी घ्यावी व ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारी असल्याची खात्री करावी. जुन्या गाड्यांची रबरी नळी अशा पेट्रोलमुळे लवकर खराब होऊ शकते. पत्र्यातून नळी जाते तेथे रबरी कडे बसवावे.

गाडी सुरू झाल्यावर दहा मिनिटे इंजिन चालवून प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या कापडाने तपासावा. सुमारे ५० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासणी करावी. डिझेल गाडीत फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढणे आवश्यक असते.

कायदा व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंधन यंत्रणेतील फेरफारावरून विमा दाव्याच्या वेळी प्रश्न उद्भवू शकतो. म्हणून काम जाणकार कार्यशाळेत करून घ्यावे व पावती जपावी. अनेकदा फिल्टर न हलविता नळीवर उष्णतारोधक आवरण चढविल्यानेच काम भागते. तो कमी जोखमीचा मार्ग आधी अवलंबावा.