गारगोटीच्या पदविकेचं पुढं काय झालं?

पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी "व्यवसाय शिक्षणाचा इतिहास" असं सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग एम.एस्सी. फिजिक्स कशाला केलंस?" याचं उत्तर आमच्या घरात आहे. वडील जवळजवळ तीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. धाकटा भाऊ आयटीआय करून टर्नर झाला. मी एम.एस्सी. पाहुणे आले की माझं शिक्षण आधी सांगितलं जातं, भावाचं कुणी विचारलं तर. आणि माझी फेलोशिप सुरू होईपर्यंत घर मात्र भावाच्या पगारावर चाललं.

या पार्श्वभूमीवर मी जो पहिला संशोधन प्रश्न लिहून नेला तो असा होता : "भारतात व्यवसाय शिक्षण अपयशी का ठरलं?" मार्गदर्शकांनी वाचला, 'अपयशी' या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हे तू आधीच ठरवलंस. मग शोधणार काय?" मला तेव्हा राग आला होता. पण त्या रेघेमुळंच मी गारगोटीपर्यंत पोचलो. तुमच्यापैकी जे आत्ता प्रस्ताव लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी हा प्रवास थोडा सविस्तर सांगतो.

गारगोटी म्हटलं की आपल्याकडं १९४२ च्या कचेरीवरच्या हल्ल्यातले हुतात्मे आठवतात. कोल्हापूरच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यातलं हे भुदरगड तालुक्याचं गाव. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच इथं मौनी विद्यापीठ उभं राहिलं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांवरून, आणि कल्पना मुख्यतः जे. पी. नाईक यांची. नाईक आपल्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास, मग खेड्यातलं काम, मग कोल्हापूर संस्थानातलं प्रशासन, असा त्यांचा रस्ता. 'विद्यापीठ' हा शब्द इथं कायद्यातल्या अर्थानं नाही, हे लक्षात ठेवा. पदवी देण्याचा अधिकार या संस्थेला नव्हता. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्याभोवती फिरते.

आता दिल्लीत काय चाललं होतं ते थोडक्यात. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यामागं आयोगाचे अमेरिकन सदस्य आर्थर मॉर्गन यांचा मोठा हात होता. हे गृहस्थ इंजिनिअर, टेनेसी खोऱ्यातल्या धरण प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष, आणि त्याआधी काम आणि अभ्यास आलटून पालटून करायला लावणाऱ्या अँटिऑक कॉलेजचे प्रमुख. नंतर के. एल. श्रीमाली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. देशभरात सुरुवातीला दहा ग्रामीण संस्था निवडल्या गेल्या. आजच्या महाराष्ट्रातल्या त्यात दोन : अमरावती आणि गारगोटी.

या संस्थांचा मुख्य अभ्यासक्रम होता तीन वर्षांचा, ग्रामीण सेवा पदविका. सहकार, ग्रामीण अर्थकारण, समाज विकास, प्रत्यक्ष खेड्यात जाऊन काम. १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला होता, गटागटांत विस्तार अधिकारी लागणार होते, ते इथून येतील असा हिशोब. जोडीला काही संस्थांत शेतीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नागरी व ग्रामीण अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका. पुस्तकी बी.ए.च्या कारखान्याला हा पर्याय होता. कागदावर वाचताना आजही वाटतं, याहून शहाणी योजना कुणी केली असेल?

मग अडलं कुठं?

केंद्र सरकारनं नोकरीसाठी ग्रामीण सेवा पदविका ही विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्या बरोबरीची मानली. समकक्षता म्हणतात ती हीच. पण सरकारनं बरोबरीची मानलेली पदविका विद्यापीठानं मानलीच पाहिजे असं नव्हतं. एम.ए.ला प्रवेश द्यायचा की नाही, हे ज्या त्या विद्यापीठानं ठरवायचं. भुदरगडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोरानं तीन वर्षं घातल्यावर त्याच्या हातात जो कागद यायचा, तो काही दारांवर चालायचा आणि काही दारांवर चालायचा नाही. शेजारच्या गावातला बी.ए. झालेला मुलगा मात्र कुठल्याही दारावर जाऊ शकत होता, निदान रांगेत उभा राहू शकत होता. त्या घरानं काय निवडावं, सांगा? १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि पदवी देणारी संस्था घरापासून एसटीच्या अंतरावर आली.

पुढं बहुतेक ग्रामीण संस्था जवळच्या विद्यापीठांशी संलग्न झाल्या आणि नेहमीची महाविद्यालयं बनल्या. तमिळनाडूच्या गांधीग्रामनं वेगळा मार्ग काढला, १९७६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे तिनं पदवी देण्याचा अधिकारच मिळवला. गारगोटीत आज कर्मवीर हिरे महाविद्यालय आहे, कला, विज्ञान, वाणिज्य, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. चांगलं कॉलेज आहे, माझे दोन मित्र तिथं शिकलेत. पण ग्रामीण सेवा पदविका त्यांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती.

इथं माझ्यातला फिजिक्सवाला जागा झाला. कारण त्याच मौनी विद्यापीठाची दुसरी एक संस्था आजही जुनं नाव लावून चालू आहे : इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग. कोल्हापूर भागातले डिप्लोमावाले तिला 'आयसीआरई' म्हणतात. बघा, गाव तेच, चालक तेच, काळ तोच, येणारी मुलं त्याच घरांतली. एक पदविका विरघळून गेली आणि दुसरी टिकली. इतिहासात प्रयोगशाळा मिळत नाही, पण कधीकधी अशी जोडी मिळते, आणि ती मिळाली की सोडायची नाही. माझं आत्तापर्यंतचं म्हणणं असं : अभियांत्रिकी पदविकेला तिच्यासारखी भावंडं होती. राज्यभर तंत्रनिकेतनं होती, एकच परीक्षा मंडळ होतं, बांधकाम आणि पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअरच्या जागा होत्या. तो कागद कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. ग्रामीण सेवेचा कागद प्रत्येक टेबलावर समजावून सांगावा लागायचा. अभ्यासक्रमाचा दर्जा, शिक्षकांची तळमळ, हे दोन्हीकडं होतं. फरक कागदाच्या ओळखीत होता.

हे मत तपासायला मी मागं गेलो, शाहू महाराजांच्या काळात. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमायचं ठरवलं. तलाठ्यांना शिकवायची सोयही संस्थानानं केली. त्या प्रशिक्षणाला मुलं मिळतात की नाही अशी चिंता करायचं कारण नव्हतं, कारण जागा आधी तयार होती आणि शिक्षण तिच्यासाठी होतं. उलट टोक उद्यमनगरचं. म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांनी इंजिनं उघडून, बिघडवून, जोडून जे ज्ञान उभं केलं त्याला कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं. हेल्पर म्हणून लागायचं, वाळू चाळायची, मग कोअर, मग साचा, मग भट्टीजवळ. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतः कॅमेरा बनवला, तोही याच गावात. कागद नाही, पण कामाची ओळख गल्लीभर. ही ओळख गल्लीबाहेर जात नाही, ही तिची मर्यादा. जात, नातं, ओळखपाळख यांच्या जोरावरच आत शिरता येतं, ही दुसरी. "आमच्या काळी पोरं कामावर शिकायची" असं म्हणणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत, आणि मुलींना तर त्या दारातून कधीच आत घेतलं गेलं नाही.

आता परत नाईकांकडं. १९६४ मध्ये डी. एस. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे सदस्य-सचिव हेच गारगोटीवाले नाईक. १९६६ च्या अहवालात एक अंदाज आहे : १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या एकूण पटसंख्येपैकी सुमारे ५० टक्के विद्यार्थी पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यावसायिक अभ्यासक्रमांत असावेत, आणि त्याखालच्या माध्यमिक टप्प्यावर २० टक्के. याच अहवालात सगळ्या मुलांसाठी कामाचा अनुभवही होता. तो आपल्यापर्यंत 'कार्यानुभव' म्हणून पोचला. आठवतोय ना तो तास? कागदाची फुलं, खडू, एखाद्या वर्षी मेणबत्त्या, आणि बाई रजेवर असल्या की गणिताचा जादा तास.

१९८६ साल उजाडलं तेव्हा नवं राष्ट्रीय धोरण आलं. त्यात उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत आणायचं ठरलं. १९९२ च्या सुधारणेत टक्के तेच राहिले, सालं १९९५ आणि २००० झाली. महाराष्ट्रात त्या काळात एमसीव्हीसी सुरू झालं, किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम. कॉलेजात त्या वर्गाकडं बाकीचे कसे बघायचे हे मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मग २०२०. नव्या धोरणात पुन्हा ५० टक्के आहेत! २०२५ पर्यंत शाळा आणि उच्च शिक्षणातल्या किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचं 'एक्स्पोजर' मिळावं, असं लक्ष्य. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीत लिहिलं, "५४ वर्षांनी तेच लक्ष्य." हे साफ चूक होतं, आणि परिसंवादात मी ते बोलूनही दाखवलं. १९६६ चा आकडा अभ्यासक्रमात दाखल झालेल्यांचा आहे. २०२० चा आकडा ओळख झालेल्यांचा. दहा दिवस सुतारकाम बघून आलेला मुलगा दुसऱ्या मोजणीत येतो, पहिल्या मोजणीत येत नाही. आकडा तोच राहिला आणि त्याच्या पुढचं नाम बदललं. धोरणाचे कागद वाचताना टक्क्यांआधी ते कशाचे टक्के आहेत ते वाचा. मला हे शिकायला एक जाहीर फजिती लागली.

तसाच दुसरा एक प्रसिद्ध आकडा. बाराव्या योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेलं आहे. शेजारी अमेरिका ५२, जर्मनी ७५, दक्षिण कोरिया ९६. कौशल्य विकासावरच्या प्रत्येक भाषणात हा तक्ता असतो. पण त्यातला 'औपचारिक' हा शब्द उच्चारताना गिळला जातो. या मोजणीत ऐन विशीतले माझे वडील, वाळूच्या साच्यात एका ओतीत पंप-हाउसिंग उतरवणारे, अशिक्षित कामगार ठरले असते.

ही फट सरकारलाही दिसली आहे. म्हणून तर आधीपासून येत असलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची योजना आहे. वडिलांनी निवृत्तीच्या आधी तसं प्रमाणपत्र घेतलं. थोडं मार्गदर्शन, मग परीक्षा. घरी आल्यावर त्यांनी ते माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "ह्यो कागद दावला तर पगार वाढतोय व्हय?" नाही वाढला. गारगोटीच्या पहिल्या तुकड्यांतल्या मुलांनी आपापल्या घरी याच प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचं आहे.

माझा आत्ताचा संशोधन प्रश्न त्यामुळं असा आहे : "१९५६ नंतर व्यवसाय शिक्षणाच्या कोणत्या प्रमाणपत्रांना कुणी, कशाच्या बरोबरीचं मानलं, आणि त्याचा विद्यार्थ्यांच्या निवडीवर काय परिणाम झाला?" जड वाटतो, पण यात 'अपयश' नाही, आणि याची उत्तरं सापडू शकतात : शासन निर्णयांत, विद्यापीठांच्या प्रवेश नियमांत, भरतीच्या जाहिरातींत. भावाच्या वेळी काही दारं उघडली होती हेही त्यातच दिसतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला ते कळलं प्रबंधाची टिपणं काढताना, तोवर तो नोकरीला लागून चार वर्षं झाली होती.

कागदपत्रं कुठं पळून जात नाहीत. माणसांचं तसं नाही. नाईक १९८१ मध्ये गेले. आयोगाच्या शिफारशींचं पुढं काय झालं याचा हिशोब मांडणारं त्यांचं पुस्तक त्यांच्यामागं, १९८२ ला आलं. गारगोटीच्या सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेले जे कुणी आहेत ते आता ऐंशीच्या पुढं असणार. भुदरगड, आजरा, कागल, राधानगरी भागात तुमच्या घरात, भावकीत कुणी ग्रामीण सेवा पदविका घेतलेले आजोबा असतील तर त्यांच्याजवळ एकदा बसा, आणि जमलं तर मला कळवा. प्रश्नावली तयार आहे, पुढच्या रविवारी सकाळच्या गारगोटी गाडीनं मी निघतोय.