चक्रीय चौकोन

ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात असा चौकोन. त्याच्या संमुख कोनांची बेरीज १८०° असते. त्यामुळे एक कोन ७०° असल्यास समोरचा ११०° असलाच पाहिजे. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या खंडातील २२ व्या प्रमेयात हे सिद्ध केले आहे. परिघावरील कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो आणि संमुख कोनांचे दोन कंस मिळून पूर्ण वर्तुळ होते, अशी त्याची उपपत्ती आज देतात.

भारतीय गणितात या आकृतीचा विचार कोनांऐवजी बाजू व कर्ण यांच्या अनुषंगाने झाला. ब्रह्मगुप्त यांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ (६२८) या ग्रंथात चार बाजूंवरून क्षेत्रफळ व कर्ण काढण्याचे नियम दिले. बाजूंच्या बेरजेच्या निमपटीतून प्रत्येक बाजू वजा करावी. येणाऱ्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ. अनुक्रमे २५, ३९, ६० व ५२ या बाजू घेतल्यास क्षेत्रफळ १,७६४ आणि कर्ण ५६ व ६३ येतात. नियम अचूक आहे, पण चक्रीय चौकोनापुरताच. आणि ही अट त्यात स्पष्ट शब्दांत नमूद केलेली नाही.

या मौनातून पुढे वाद उद्‌भवला. भास्कराचार्य (दुसरे) यांनी ‘लीलावती’त (११५०) केवळ चार बाजूंनी चौकोन निश्चित होत नाही, असा आक्षेप घेतला. चारही बाजू २५ असताना चौरसाचे क्षेत्रफळ ६२५ येते, तर ३० व ४० कर्ण असलेल्या समभुज चौकोनाचे ६०० च. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आणि उत्तर देणारा त्याहून मोठा, इतक्या कडक शब्दांत त्यांनी टीका केली. आक्षेप तर्कशुद्ध आहे. तथापि ब्रह्मगुप्तांचे कर्णविषयक नियमही वर्तुळाबाहेरच्या चौकोनांना सरसकट लागू पडत नाहीत. तेव्हा त्यांना चक्रीय चौकोनच अभिप्रेत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

केरळमधील गणितज्ञांनी वर्तुळाचा संबंध उघडपणे मांडला. परमेश्वर यांनी पंधराव्या शतकात बाजूंवरून परिवर्तुळाची त्रिज्या काढण्याचे सूत्र दिले, तर ज्येष्ठदेव यांच्या ‘युक्तिभाषा’ (सु. १५३०) या मलयाळम् ग्रंथात क्षेत्रफळाच्या नियमाची सिद्धता आढळते.

वर्तुळाची अट गृहीत धरली की, बाजूंवरून अज्ञात कोनही निश्चित होतात. वरील चौकोनात २५ व ३९ या बाजू आणि ५६ हा कर्ण यांचा त्रिकोण होतो. त्यावरून त्या दोन बाजूंमधील कोनाची कोज्या –३३/६५ येते. म्हणजे तो कोन सुमारे १२०.५° व त्याच्या समोरचा ५९.५° असतो. परिवर्तुळाचा व्यास ६५ आहे.